सेलूचा लंडनला सल्ला

४ मे १९७५, रविवार

आजपासून पुन्हा डायरी. शाळेतून निवृत्त झालो तेव्हा एक सुरू केली होती, ती तिसऱ्या आठवड्यात बंद पडली, कारण लिहिण्यासारखं काही घडतच नव्हतं. आता घडणार आहे. येत्या ५ जूनला विलायतेत सार्वमत आहे. ब्रिटन धरून युरोपातल्या नऊ देशांची मिळून जी सामायिक बाजारपेठ आहे, तीत ब्रिटनने राहायचं की बाहेर पडायचं, हे तिथला प्रत्येक मतदार चिठ्ठी टाकून ठरवणार. एवढा मोठा प्रश्न, आणि आपल्या वर्धा जिल्ह्यात त्यावर अभ्यास करून लिहिणारा माणूस एकच, तो म्हणजे मी. हा गर्व नाही, वस्तुस्थिती आहे. अभ्यास म्हणजे रोज संध्याकाळी बी.बी.सी.च्या हिंदी बातम्या आणि नागपूरचा इंग्रजी पेपर, जो आमच्या सेलूला दुपारच्या एस.टी.ने येतो.

आमचा 'बोरतीर' दर शुक्रवारी निघतो. चार पानं. अकरा वर्षं झाली, एक अंक चुकला नाही. संपादक मी, लेखक मी, वार्ताहर मी. वेष्टनं चिकटवून टपालात टाकायचं काम माझ्या बायकोचं, रुख्माबाईचं. चार शुक्रवार युरोपवर चार अग्रलेख लिहायचे असं ठरवलं आहे. ब्रिटनने राहावं, हे माझं ठाम मत.

सिंदीचा डोमाजी उरकुडे याच्या उलट लिहील, हे मी आजच लिहून ठेवतो. डोमाजी माझा शाळासोबती. सिंदी (रेल्वे) या गावी त्याचं बी-बियाण्याचं दुकान आहे आणि 'रणभेरी' नावाचं साप्ताहिक आहे. मी पूर्व म्हटलं की तो पश्चिम म्हणतो. अकरा वर्षांत आमचं एकाही गोष्टीवर एकमत झालं नाही, ग्रहणात जेवावं की नाही यावरही नाही.

९ मे, शुक्रवार

पहिला अग्रलेख आला, 'ब्रिटनने घरातच राहावे'. चांगला उतरला आहे. तीस वर्षांपूर्वी ज्या फ्रान्स आणि जर्मनीने एकमेकांची शहरं बेचिराख केली, त्यांनी आपला कोळसा आणि पोलाद एका मंडळाच्या हाती दिलं. आता एकाला तोफ ओतायची झाली तर दुसऱ्याला कळल्याशिवाय राहत नाही. एवढा शहाणपणा जगात दुसरीकडे कुठे झाला आहे? सार्वभौमत्व म्हणजे तिजोरीत कुलूपबंद ठेवायचा दागिना नव्हे, तो चारचौघांत घालून मिरवायचा असतो, हे वाक्य मला स्वतःला फार आवडलं.

चौकात रूपराव भेटला. पंधरा एकर कापूस, सातवीपर्यंत माझा विद्यार्थी, 'बोरतीर'चा पहिल्या दिवसापासूनचा वर्गणीदार. म्हणाला, "गुरुजी, एक इचारू? त्या नऊ घरायनं मिळून भोवताल एकच कुंपन घातलं, तं आपन कुंपनाच्या कोन्या बाजूले?"

मी म्हटलं, पुढच्या अंकात सविस्तर येईल. घरी येऊन विचार केला. प्रश्न अडाणी नाही. आपला कापूस, चहा, ताग त्या कुंपणाबाहेरच राहणार. पण चार लेखांचा आराखडा पक्का झाला आहे, त्यात हे मध्येच कुठे बसवणार? तूर्त राहू दे.

१३ मे, मंगळवार

मजकूर घेऊन वर्ध्याला बबनरावाच्या छापखान्यात गेलो. 'बोरतीर' आणि 'रणभेरी' दोन्ही तिथेच छापले जातात. माझा वार बुधवार, डोमाजीचा गुरुवार. अकरा वर्षं बबनराव आम्हा दोघांच्या शिव्या एकाच कंपोझिटरकडून जुळवून घेतो आणि कधी इकडची तिकडे करत नाही. हा त्याचा मोठा गुण.

आज मात्र तोंड पाडून बसला होता. "गुरुजी, कागदाचा कोटा निम्मा झाला. अन् वरून लग्नसराई. ह्या पाहा पत्रिका. लोकाईची लग्नं थांबवू का तुमच्या विलायतीसाठी?"

खरंच, टेबलावर, खुर्चीवर, खिडकीत सगळीकडे गुलाबी पत्रिका. हळदीचा वास यायचा तेवढा बाकी होता.

मग हळूच म्हणाला, "एक सांगू? तुमचे दोन पेपर एक करा. एकच कागद, एकच वार. नाई तं जुलैपासून मी दोघायलेही पुरं पडत नाई. एक कोनी तरी बंद होईन."

मी त्याला स्पष्ट सांगितलं की 'बोरतीर' हा विचार आहे, पत्रिका नव्हे, आणि त्यात कोणाची भेसळ होणार नाही. तो म्हणाला, डोमाजी तं हो म्हणून राह्यला. मला हसू आलं. जो डोमाजी ब्रिटनला सांगतो, कोणात मिसळू नको, तो स्वतः मिसळायला एका पायावर तयार. तत्त्वाचा माणूसच नाही तो.

१८ मे, रविवार

सेलूत लग्न होतं, डोमाजी आला होता. पंगतीत मुद्दाम माझ्या शेजारी येऊन बसला. आमच्या दोघांची जिलबी पानातच राहिली, इतकं बोलणं झालं.

मी म्हटलं, एकत्र यायचं असेल तर माझ्या तीन अटी. वर नाव 'बोरतीर'चं, ठळक. संपादक म्हणून नाव माझं. आणि तुझ्या अग्रलेखातलं काही मला पटलं नाही तर ते कापायचा अधिकार माझा.

डोमाजीने वरणात भात कालवला आणि म्हणाला, "वासुदेवा, हे बरं आहे. इंग्रजाले सांगतो, उंबरठा ओलांडून अंदर जा. अन् तू सोता खिडकीतून पाय टाकून बसला."

"ब्रिटनची गोष्ट निराळी आहे."

"कशी निराळी?"

"ब्रिटन मोठा देश आहे. त्याला काही होत नाही."

"अन् तुले काय होते?"

हे विषयांतर होतं, म्हणून मी मूळ मुद्द्यावर आलो. मी त्याला एवढंच म्हटलं की लंडनची बहुतेक सगळी वर्तमानपत्रं 'राहा' म्हणत आहेत, म्हणजे काहीतरी खरं असेलच ना. तर म्हणतो, "सगळे पेपर एकच बोलाले लागले ना बापा, का मले पह्यली शंका येते." हा असा वाकडा माणूस.

संपादक कोण, यावर शेवटी फिसकटलं. कायद्याप्रमाणे शेवटच्या पानावर तळाला जबाबदार म्हणून एकाच माणसाचं नाव छापावं लागतं. दोघांचं चालत नाही. तो म्हणाला, "दर सहा महिन्याले पाळीपाळीनं टाकू." मी म्हटलं, हे काय पाण्याची पाळी आहे? तो उठला, हात धुतले आणि वरातीत निघून गेला. मला वाईट वाटलं, हे कबूल करतो. पण माघार घेणं शक्यच नव्हतं. त्या एका ओळीखेरीज माझ्या नावावर या जगात दुसरं आहे काय? शेती भावाकडे, घर अजून वडिलांच्या नावावर.

२३ मे, शुक्रवार

तिसरा अग्रलेख. बाजारपेठेत राहिलं तर न्यूझीलंडचं स्वस्त लोणी विलायतेत कसं येणार, ही अडचण मी दोन परिच्छेदांत सोडवली. विलायतेच्या मंत्रिमंडळाला दोन वर्षं लागली.

२८ मे, बुधवार

शेवटचा आणि सगळ्यात जोरदार लेख काल पाठवून दिला; कोळसा-पोलाद आणि तो दागिना त्यात पुन्हा एकदा आणला आहे. प्रूफ बघायला या वेळी गेलो नाही. मेव्हण्याच्या मुलीचं लग्न आष्टीला होतं, जाणं भाग होतं. बबनरावाचा निरोप आला की गर्दीमुळे या आठवड्यात दोन्ही पेपर एकाच दिवशी छापून टाकतो. हरकत नाही. माझं अक्षर कंपोझिटरला पाठ आहे.

३० मे, शुक्रवार

आजचा दिवस सोन्याचा. अंकांचा गठ्ठा सकाळी आला. मी छापून आलेला लेख कधी वाचत नाही. तो मला तोंडपाठ असतो, आणि वाचला की अजून चार वाक्यं घालायला हवी होती असं वाटून चुटपुट लागते. रुख्माबाई ओट्यावर खळीची वाटी घेऊन वेष्टनं चिकटवत होती. मध्येच थांबली, चष्मा लावला आणि वाचत बसली. खळ वाळली तरी उठेना.

"अवो," म्हणाली, "आजचा लेख मले समजला."

लग्नाला तीस वर्षं झाली. हे वाक्य तिने पहिल्यांदा उच्चारलं.

"सून आली म्हंजे घर मोठं होते, हे सारे सांगतात. पन नाव तिचं पुसल्या जाते, चूल तिची सुटते, अन् इचारत तिले कोनी नाई. हे तुमी बरोबर लिहिलं. मले वाटलं नव्हतं तुमच्या ध्यानात असंन."

तिचे डोळे भरून आले होते. मला भरूनच आलं. सुनेचं नेमकं काय लिहिलं होतं ते आठवत नाही, पण लिहिण्याच्या भरात असं काही उत्तम उतरून जातं. लेखकाला स्वतःच्या ताकदीचा अंदाज नसतो. तिला म्हटलं, तुझं माहेरचं, आष्टीचं नाव अंबू, नाही का? तर लाजली. म्हणाली, "वेनू. अंबू माई बहीन होय."

३१ मे, शनिवार

काय लिहू आणि कसं लिहू.

सकाळी चौकात रूपरावने हात जोडले. "पटलं गुरुजी. बाहेरच पडावं लागते त्यायले. मी तं पह्यल्या लेखापासून राहा म्हणत होतो, तुमी म्हणत होते म्हणून. आता तुमीच बाहेर म्हणता तं बाहेर."

मला वाटलं याला वाचता येतं पण समजतं उलटं. कपाळाला हात लावून पुढे गेलो. पोस्टात मास्तर म्हणाले, नेहमीसारखं सणसणीत. ग्रामपंचायतीत म्हणाले, नेहमीसारखं सणसणीत. एक जण म्हणाला, मत बदलायला मोठी छाती लागते गुरुजी. तेव्हा मात्र मी परत फिरलो. घरी येऊन अंक उघडला.

लेख माझा नव्हता. मथळा 'शेजाऱ्याच्या चुलीवर आपली भाकर'. डोमाजीचा लेख! वर 'बोरतीर', तळाला माझं नाव, आणि मध्ये डोमाजी उरकुडे. त्या शहाण्या बबनरावाने पत्रिकांच्या ढिगात दोन्ही लेखांच्या जुळवलेल्या खिळ्यांची अदलाबदल केली. म्हणजे माझा लेख सिंदीला 'रणभेरी'त गेला.

मला राग आला तो बबनरावाचा नाही. राग कशाचा ते सांगतो. अकरा वर्षांत सेलूने माझ्या लेखांना मान डोलावली. आज त्याच मानेने डोमाजीच्या लेखालाही मान डोलावली. मग आजवर ती मान माझ्या विचारांना होती, की वरच्या पाटीला? आणि रूपरावसारखा ज्याने खरंच वाचला, तो एका शुक्रवारात इकडचा तिकडे झाला, तोही माझ्या नावावर विसंबून. हे लोकमत मी घडवत होतो? मी तर नुसता हाकत होतो.

रुख्माबाईला सांगितलं. तिने फक्त विचारलं, "म्हंजे ते सुनेचं डोमाजी भाऊजीनं लिहिलं?" आणि स्वयंपाकघरात गेली.

१ जून, रविवार

पहिल्या एस.टी.ने सिंदी गाठली. डोमाजी दुकानात भुईमुगाच्या बियाण्याच्या पोत्यावर बसला होता. मला पाहिलं आणि असा हसायला लागला की गिऱ्हाईक घाबरलं.

"शुक्रवारपासून तुयी वाट पाहून राह्यलो. इतक्या उशिरा काऊन? वाचत नाईस का तू तुया पेपर?"

"तुला शुक्रवारीच कळलं होतं?"

"मी छापल्यावर वाचतो बापा. चुका पाहाले." मग हसणं थांबवून म्हणाला, "आयकून घे. सिंदीत सारे मले म्हणून राह्यले, डोमाजी, या बारीले वासुदेवरावाची चांगली जिरवली. कायनं जिरवली? तुयाच लेखानं! शब्द शब्द तुया. कोळसा, पोलाद, तो मिरवाचा दागिना. सारा सिंदीले आवडला. आता सांग, अकरा वरस आपन काय करून राह्यलो?"

मी त्याला म्हटलं, दोन ओळींत 'मुद्रणदोष' म्हणून छापू, दोष बबनरावाचा. झालं. गावाला कळायचं कारण नाही.

तो म्हणाला, "गावाले कळलंच नाई, हाच तं रोग हाये."

त्याचं दुकान चालू होतं, गिऱ्हाइकं येत होती, तो बियाणं मोजून देत होता आणि मधूनमधून मला बोलत होता. मी ऐकत होतो. खरं सांगायचं तर दोन ओळींत मिटवायची इच्छा मला माझ्या नावापायी होती. संपादकाला आपल्याच पेपरात काय छापलं ते दुसऱ्या दिवशी कळतं, हे कोण छापणार? पण निघताना डोमाजीच्या बायकोने चहा दिला आणि म्हणाली, भाऊजी, तुमचा दागिन्याचा लेख चांगला होता. तेव्हा मात्र मी तिथेच ठरवलं की सगळं छापायचं. माझा लेख सेलूने माझा म्हणून वाचलाच पाहिजे. हट्ट म्हणा हवं तर.

३ जून, मंगळवार

कबुलीजबाब लिहून बबनरावाच्या हाती दिला. मथळा: 'गेल्या शुक्रवारी आपण कोणाला मान डोलावलीत?' सगळं जसं घडलं तसं. मी अंक वाचला नव्हता, हेही. डोमाजीनेही तसंच लिहिलं. 'बोरतीर'मध्ये माझा खरा लेख आणि शेजारी डोमाजीचा, 'रणभेरी'त तेच दोन. बबनराव पाया पडायला लागला. त्याला म्हटलं, तुझ्या चुकीने जे दाखवलं ते आम्हाला अकरा वर्षांत दिसलं नव्हतं. तरी या वेळी प्रूफ मी स्वतः बघितलं, दोनदा.

रूपरावचा कुंपणाचा प्रश्नही त्याच्या नावानिशी छापला आहे. उत्तर दिलेलं नाही. मला येत नाही, असं लिहिलं आहे. लिहिल्यावर हलकं वाटलं.

७ जून, शनिवार

ब्रिटन राहिला! काल संध्याकाळी बी.बी.सी.ने सांगितलं, शंभरात सदुसष्ट 'हो'. टाळी वाजवली ती एकट्यानेच. रुख्माबाई म्हणाली, "तेहतीस जनाईचं काय होते आता?" मी म्हटलं, ते हरले. म्हणाली, "राहाचं तं त्यायले पन त्याच घरात हाये ना." मी रेडिओ बंद केला. ही बाई वेष्टनं चिकटवते!

कबुलीजबाबाने गावात गोंधळ उडाला आहे. दोन वर्गण्या बंद झाल्या. एक म्हणतो, गुरुजींनी आम्हाला मूर्ख ठरवलं. पण दुपारपासून ओट्यावर जी माणसं जमली आहेत, ती पूर्वी कधी जमली नव्हती. दोन्ही लेख मोठ्याने वाचून घेतात, मध्येच थांबवतात, भांडतात. एकाने सांगितलं, कोळशाचं पटलं, चुलीचंही पटलं, आता काय करू? मी म्हटलं, तूच ठरव. हे वाक्य मी अकरा वर्षांत कोणाला म्हटलं नव्हतं.

रूपराव सगळ्यांत शेवटी उठला. "गुरुजी, हे असंच छापत जा ना. दोन्ही एकाच कागदावर. तुमी दोघं आपापल्या गावात एकटेच पैलवान. दंगल पाहाले भेटतच नाई."

१० जून, मंगळवार

डोमाजीला पत्र टाकलं. लिहिलं, ये.

१४ जून, शनिवार

परवा अलाहाबादच्या हायकोर्टाने पंतप्रधानांची निवडणूक रद्द ठरवली. देशात दुसरं बोलणं नाही. डोमाजी आला तो पेटूनच. राजीनामा दिलाच पाहिजे म्हणतो. माझं मत, अपिलाची वाट पाहावी, देश चालवणं म्हणजे बी-बियाण्याचं दुकान नव्हे. तासभर भांडलो. रुख्माबाईने मध्ये पोहे आणून ठेवले तेव्हा लक्षात आलं की पेपर एक करण्याबद्दल अजून एक अक्षर बोललो नाही.

ते बोलणं दहा मिनिटांत झालं. वर दोन्ही नावं, सारख्या टाइपात. समोरासमोर दोन अग्रलेख, लिहिणाऱ्याच्या सहीसह, एकाच विषयावर. आणि दुसऱ्याच्या लेखातला एक शब्दही कापायचा नाही. ही अट मीच घातली. डोमाजी माझ्याकडे बघतच राहिला.

"अन् खालचं नाव?" त्याने विचारलं.

पाळीपाळीने, असं म्हणायला तोंड उघडलं होतं, देवाशपथ. त्याच्या आधी तोच म्हणाला, "टाक तुयंच. तुले त्याचा शौक हाये, मले नाई."

उपकार केल्यासारखं बोलला, पण मी घेतलं. ठरलं. पहिला जोड-अंक २७ जूनला.

२० जून, शुक्रवार

'बोरतीर'चा एकट्याचा शेवटचा अंक. रुख्माबाईने एक प्रत घडी करून ट्रंकेत ठेवली. मी तिला विचारलं, तू लिहिशील का आमच्यात? सुनेचं, तेहतीस जणांचं. म्हणाली, "पाहू. नाव कोनतं टाकू?" मी म्हटलं, तुला हवं ते टाक.

२५ जून, बुधवार

डोमाजी दुपारी लेख घेऊन आला. पहिला जोड-अंक उद्या छापायला जातो. ओट्यावर बसून त्याचा लेख वाचला. मथळा 'खुर्ची सोडा'. भाषा अशी की कागद तापेल. काल सुप्रीम कोर्टाने अटी घालून स्थगिती दिली, त्याचाही समाचार घेतला आहे. दोन वाक्यं तर अशी आहेत की शाळेत कोणी लिहिली असती तर मी वही फाडली असती.

पेन माझ्या हातात होता. त्या दोन वाक्यांवर तो थांबला, हे खोटं कशाला सांगू. डोमाजी बघत होता. मी टोपण लावलं आणि पेन खिशाला अडकवला.

मग त्याने घसा खाकरला. "वासुदेवा, एक इचार करून ठेवला मी. ह्या लेखाचं काई झालं, कोनी इचाराले आलं, तं खाली नाव तुयं राह्यते. लिहिनार मी अन् जबाब देनार तू, हे बरं नाई. उद्याच्याले मायं नाव टाक. बबनरावाले सांगतो मी. कचेरीतले संपादकाच्या नोंदीचे कागद मंग पाहू."

महिन्यापूर्वी, न पटणाऱ्या लेखाबद्दल, असं कोणी म्हटलं असतं तर मी आभार मानून मोकळा झालो असतो. आज मला राग आला. मी त्याला म्हटलं, "डोमा, तुझा लेख चुकीचा आहे. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत चुकीचा आहे. समोरच्या पानावर मी तुझा भुगा केला आहे, बघशील. पण छापला तो माझ्या पेपरात आहे. आपल्या पेपरात. त्याखाली माझंच नाव राहील."

तो म्हणाला, "तुया शौक अजून गेला नाई."

"नाही गेला."

त्याने टोपी काढली, डोकं पुसलं, पुन्हा घातली. त्याला काही म्हणायचं होतं, पण आमच्यात तशी सवय नाही. आज मुक्काम इथेच आहे त्याचा. सकाळच्या पहिल्या एस.टी.ने दोघं मिळून वर्ध्याला जाणार, प्रूफं समोरासमोर बसून बघणार, एकमेकांची.

रुख्माबाई काळजीत आहे. म्हणाली, "काई होनार तं नाई ना?" मी तिला समजावलं. साडेतीनशे प्रतींचं साप्ताहिक, सेलू आणि सिंदीच्या बाहेर कोणी बघत नाही. या देशात अग्रलेख लिहिला म्हणून कोणाला काही होत नसतं. ब्रिटनमध्ये अख्खा देश महिनाभर एकमेकांवर ओरडला आणि दुसऱ्या दिवशी कामाला गेला. तसंच आपलं. तिला पटलेलं दिसलं नाही. तिने माझ्या पिशवीत एक धोतरजोडी जास्तीची ठेवली आणि एक चादर. एका दिवसाच्या कामाला चादर कशाला, विचारलं, तर म्हणाली, राहू द्या.

तळाची ओळ मी स्वतःच्या अक्षरात लिहून पिशवीत ठेवली आहे, म्हणजे कंपोझिटरची चूक व्हायला नको: या अंकातील सर्व मजकुरास जबाबदार संपादक, वासुदेवराव झाडे, सेलू. आजवर अकरा वर्षं हे नाव मी माझ्या मतांखाली छापलं. उद्या पहिल्यांदा ते न पटणाऱ्या मताखालीही छापलं जाईल, आणि मला त्याचा फार आनंद झाला आहे.